लांडग्याचं कातडं

ब्रोलिया,
खिंड आता बर्फानं मिटली असेल
आणि कळपाबरोबर तू शिराकीच्या माळावर उतरली असशील
माझ्या भावाच्या शिट्टीवर, जी तुला कधीच आवडली नाही.
इथे तिबिलिसीत, चौथ्या मजल्यावर,
मी हात धुतो. दिवसातून चाळीस वेळा धुतो,
तरी डॉक्टरीणबाई माझ्या नखांकडे बघतात.

एतेरीच्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात होतं ते.
आम्ही म्हणालो, घोड्यावरून पडली, मुका मार असेल.
मेंढीची चरबी चोळली. तीन आठवडे चोळली.
हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

बाईंनी कागदावर काढून दाखवलं:
अंगात राखणदार असतात,
गाठीभोवती ते जमलेसुद्धा होते,
पण ती त्यांना काहीतरी हुंगवते
आणि ते बसून राहतात. काही तर तिचीच चाकरी करतात.
मी म्हणालो, म्हणजे कुंपणच शेत खातं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

मला तुझ्या आईची ती रात्र आठवली.
ओमालोच्या वर, धुक्यात.
सकाळी सात मेंढ्या फाडलेल्या
आणि ती पहुडलेली, निवांत, पंजावर हनुवटी.
मी तिला काठीनं मारलं होतं, ब्रोलिया.
तिला वासच कळला नसेल, हे आता सुचतंय.

मग केमो.
केमो गाठीला मारते आणि राखणदारांनाही.
पांढऱ्या पेशी दोनशेवर आल्या तेव्हा दाराला पाटी लागली:
फुलं नकोत, माती नको, माणसं नकोत.
तिच्या आईनं चीज पाठवलेलं,
आपलंच, कातडी पिशवीत मुरलेलं.
ते नर्सच्या टेबलाखालीच राहिलं, सगळा व्हरांडा घमघमला.
एतेरी काचेआडून ओरडली, बाबा, वास येतोय!
नव्हता येत.
तेव्हा तिला कशाचाच वास येत नव्हता.

थर्मामीटरवर अडतीस म्हणजे धावायचं, एवढंच मी शिकलो.
जपमाळेसारखा तो आकडा.

हाड काढलं, धातू बसवला.
आता नवं औषध, आठवड्यातून दोनदा, शिरेतून.
जिवाणूच्या कवचाच्या तुकड्यासारखं काहीतरी,
चरबीच्या बारीक थेंबांत गुंडाळलेलं.
जिवाणू नाही. नुसती त्याची खूण.
बाई समजावत होत्या आणि मला हसू फुटलं,
त्यांना वाटलं मला कळलं नाही.

तू तीन महिन्यांची होतीस.
लांडग्याचं जुनं कातडं दोरीला बांधून
मी अंगणातून ओढत नेलं.
आधी तू मुतलीस.
मग मानेवरचे केस उभे राहिले
आणि घशातून तो आवाज आला
जो तुला कुणी शिकवला नव्हता.
लांडगा आला रे आला, हे खोटंच ओरडायचं,
पण गाव धावून यावं म्हणून.

पहिल्या डोसनंतर दोन तासांनी
तिचे दात वाजायला लागले. पलंगाची सळई वाजायला लागली.
एकोणचाळीस पूर्णांक चार.
मी व्हरांड्यात धावलो, ओरडलो.
नानुली नर्स चालत आली. चालत!
पांघरुण घातलं, गोळी दिली, म्हणाली,
येऊ दे, आज येणारच होता.
म्हणजे लागू पडलं?
तसं नाही, म्हणाली. कुणीतरी उठलंय, एवढंच.

डाव्या फुफ्फुसात मसुरीच्या दाण्याएवढा एक ठिपका आहे.
तो जुना की नवा, शुक्रवारी कळेल.

रात्री तिचा धातूचा पाय थंड आणि बाकी अंग भट्टी.
मी कपाळावर हात ठेवला
आणि नानुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो,
छू.
बाबा, एतेरी डोळे न उघडता म्हणाली, इथे कुणाला?
लाज वाटली.
थोडा थांबलो, ती झोपेपर्यंत.
मग पुन्हा म्हणालो.