पस्तीस पैसे

एकतीस वर्षं मी तिकिटं तपासली
आणि एकही घरी आणलं नाही.
नाशिकरोडच्या प्रेसच्या फाटकाशी
झडती घेणारी शेवंता
माझ्या डब्यातल्या भाकरीचा पापुद्रासुद्धा उचलून बघायची.
मी हसायचे, तीही हसायची,
पण बघायचीच.

शीट उजेडात धरायचं.
ओळी, दात, रंग, डिंक.
एखादा दात खाल्लेला दिसला
की लाल पेन्सिलीची फुली, आणि ते शीट बाद.
एका कागदावर शंभर तोंडं,
शंभरही अगदी एकसारखी,
हेच माझं काम: कुणी वेगळं निघू नये.

निवृत्तीला घड्याळ मिळालं, नारळ मिळाला.
बोटं मात्र मोजतच राहिली,
बिटको चौकातल्या बसच्या खिडक्या,
निवडायला घेतलेले गहू.

मग शरणपूर रोडला, उजगरे सरांच्या ओट्यावर
दर दुसऱ्या रविवारी बसायला लागले.
सरांकडे सगळी कोरी तिकिटं.
चिमट्याशिवाय हात नाही,
श्वाससुद्धा मान वळवून सोडतात.
"डिंक शाबूत तर तिकीट शाबूत," म्हणतात,
आणि वही मिटताना चेहरा असा होतो
जसं पाळण्यातलं मूल एकदाचं झोपलंय.

त्यांची नात स्वरांगी, आठवीतली,
थेट फेव्हिकॉलनं चिकटवते.
सर तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतात.
सगळी निळी तिकिटं एका पुठ्ठ्यावर, तिरकी, एकात एक घुसलेली.
"ही आपली गंगा."
मग मधलं हे लाल?
"आजी, ती रामकुंडावर लुगडं पिळणारी बाई."
देश, साल, किंमत, काही काही विचारायचं नाही तिला.

आणि अश्फाकभाई कोकणी.
दूध बाजारात घड्याळं दुरुस्त करतात
आणि जमवतात फक्त चुका.
सरकलेला रंग, उलटा आकडा,
एका बाजूला दातच न पडलेलं तिकीट.
त्या दिवशी मखमलीच्या डबीतून त्यांनी ते काढलं,
भिंग माझ्या हातात दिलं.
"अकरा हजार मोजले, ताई. हे तपासणीतून सुटलं कसं, देव जाणे."

मी जाणत होते.
पस्तीस पैसे, विटकरी.
आमच्याच टेबलावरून गेलेलं.
त्या आठवड्यात मोठ्याला गोवर आला होता,
रात्री जागायचे, दिवसा शीट धरायचे
आणि शंभरातली काही तोंडं धुक्यात जायची.
माझंच असेल असं नाही. सहाजणी होतो आम्ही.
पण अश्फाकभाई त्या सपाट कडेवरून
नखाची पाठ अशी फिरवत होते,
मला कुणी इतक्या वर्षांत
बरोबर काम केल्याबद्दल असं पाहिलं नव्हतं.
काही बोलले नाही. चहा प्यायले.

माझ्या वहीत एकच तिकीट आहे.
तेच, पस्तीस पैशांचं विटकरी,
चारशे बारा वेळा.
सर म्हणतात, बाई, याला संग्रह नाही म्हणत,
याला गठ्ठा म्हणतात.
म्हणू देत.
हे लासलगावचं, शिक्का तेलकट.
हे मनमाडचं, घाईत दोनदा मारलेलं.
याचा कोपरा कुणीतरी दातांनी फाडलाय.
यावर निळ्या शाईत छोटी बेरीज: सात नि नऊ सोळा.
हे सुरगाण्याहून निघालं आणि, शिक्क्यावरून दिसतंय,
देवळालीला पोचायला त्याला एकोणीस दिवस लागले.
माझ्या हाताखालून गेली तेव्हा
यांच्यात काडीचा फरक नव्हता. मी खात्री केली होती.

काल रद्दीवाल्याकडे आणखी एक सापडलं.
पाकिटाचा तुकडा स्टीलच्या वाटीत भिजत घातलाय.
शिक्का अर्धाच उमटलाय, ‘सूल’ एवढंच दिसतं.
हरसूल असेल.
डिंक अजून सुटत नाही.
पाणी थोडं कोमट करून आणते.