तिथली माती

आमच्या दुकानातली झाडलोट
सटवाजी झारेकरी वर्षाला तीन रुपयांनी घ्यायचा.
पायपुसण्याची, भट्टीच्या राखेची.
सरस्वती नाल्याच्या तोंडाशी साचलेली वेगळी, ती फुकट.
वडील म्हणायचे, सराफाचा खरा हिशेब
ह्याच्या परातीत असतो.

बसऱ्याला जाऊन आलेला, खेचरांच्या पलटणीत.
लढाईचं विचारलं की खेचरांची नावं सांगायचा.
एकदाच, अमावास्येला दुकान बंद असताना
फळीवर बसून त्याने गोऱ्याचं सांगितलं.

गोरा वयस्क. दोन बोटं थंडीनं झडलेली,
आणि भेटला कुठं, तर त्या भाजणाऱ्या मुलखात.
सटवाजी संध्याकाळचा दजल्याच्या काठी
जेवणाच्या थाळीत वाळू धूत बसलेला.
नुसती सवय. सोनं कुठलं तिथं!
गोरा मागे उभा राहिला, मग उकिडवा बसला,
थाळी घेतली हातातून
आणि मनगट फिरवलं.

"तेच," सटवाजी म्हणाला. "माझ्या बापाचं मनगट.
शेवटी एक हलका झटका असतो ना,
पाणी जातं न् काळी रेती राहते,
तोसुद्धा."

भाषा नव्हती. गोऱ्यानं वाळूत डोंगर काढला,
नदी काढली, नदीवर तळवा दाबून धरला: गोठलेली.
मग खिशातून चिंधी.
चिंधीत हरभऱ्याएवढा कच्चा खडा.
कस न लावता कळलं, म्हणाला.

अमाऱ्याच्या दवाखान्यात गोरा उन्हानं गेला.
चिंधी ह्याच्याकडे कशी आली
ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सरकारनं पदक दिलं होतं, काशाचं.
वडिलांनी कसोटीवर घासून परत केलं.

आणि खडा?
रामकुंडात लोक अस्थी सोडतात,
मेल्याच्या तोंडातलं गुंजभर सोनं
राखेबरोबर तळाला जातं.
ह्याची चूल त्यावर पेटायची.
"कुंडात नाही टाकला. आमचेच लोक काढतील.
खाली, दुतोंड्या मारुतीच्या पुढं, वाहत्यात.
त्याचं कोण होतं इथं सोडायला?
तिथली माती मी धूत नाही."

सटवाजीला जाऊन एकोणतीस वर्षं झाली.
अर्धा तोळा असेल. जास्तच.
मे महिन्यात पात्र उघडं पडतं
तेव्हा तिथून जाताना
मी सायकल हळू करतो.
उतरत नाही.