डाव्या मनगटाला कान

ऐरोली, खाडीच्या अंगाला, तिसरा मजला.
मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार तास
शांतवनचं रक्त नळीतून बाहेर जातं
आणि मी ते परत यायची वाट बघते.

पाळक म्हणाले, प्रभू पुरवील.
म्हटलं, फिल्टर बदलायचाय,
तेवढं कानावर घाला त्याच्या.
ते हसले नाहीत.
दुमडलेलं पाकीट उशीखाली सरकवलं.
कुणाचं, ते अजून कळलं नाही.

मान्ना असाच पडायचा म्हणे, त्या दिवसापुरता;
साठवला की किडे.
मला साठवता आली ती फक्त भीती.
ती किडतही नाही.

रात्री त्याच्या मनगटाला कान लावते.
जोडलेल्या शिरेत भरतीचं पाणी घुमतं.
उद्याचं मागत नाही मी.
खोटं कशाला, मागते.
पण कान काढत नाही.