तुलना करा (गुण दहा)

एप्रिल. शहाद्यात दुपारी पत्रा आपोआप वाजतो.
मी गठ्ठ्याची सुतळी सोडतो.
समाजशास्त्र, तिसरं वर्ष, प्रश्न चौथा:
इराकी आणि क्रीक समाजांच्या
सामाजिक व आर्थिक स्थितीची तुलना करा.

हे मीच शिकवलं होतं.
फळ्यावर उभी रेघ, डावीकडे इराक, उजवीकडे क्रीक,
आडवे रकाने: शिक्षण, रोजगार, जमीन, दरडोई उत्पन्न.
नकाशा फाटलेला, म्हणून हातानं दाखवलं:
इराक तिकडे, प्रकाशाच्या रस्त्याच्या बाजूला,
आणि क्रीक पार पलीकडे,
कँटीनच्या मागे कुठेतरी.
पोरं हसली. मीही.

एकोणचाळीस पेपर एकाच तोंडाचे.
'दोघांच्याही जमिनीखाली तेल निघाले,
तरी दोघेही गरीब राहिले.'
माझंच वाक्य, माझ्याच स्वल्पविरामासकट.
एकानं 'जमिनीचे वाटप' ऐवजी 'जमिनीचे वाटाणे' लिहिलंय.
सहा. सहा. साडेपाच. सहा.

आई आतून हाक मारते:
जेवी ले भो, दादरनी भाकर थंडी व्हयनी.

मग हा पेपर. नाव नसतं, नुसता बैठक क्रमांक.
शेवटी सत्तेचाळीस.
रकाने नाहीत. रेघ नाही. अक्षर दाबून लिहिलेलं,
इतकं, की पानामागं बोटाला लागतं.

'गोऱ्या लोकांनी त्यांना क्रीक म्हटले. म्हणजे ओढा.
ते ओढ्याकाठी राहत म्हणून.
त्यांचे स्वतःचे नाव दुसरे होते.
ते सरांनी एकदा तोंडी सांगितले, फळ्यावर लिहिले नाही.
मग त्यांना ओढ्यापासून उचलले आणि चालवत नेले.
त्यांनी गावच्या आगीतले निखारे सोबत घेतले.
दरडोई किती निखारे, ते माहीत नाही.

इराकात काही लोक दलदलीत राहत होते, बोरूच्या घरात.
त्यांचे पाणी सरकारने काढून घेतले.
म्हशी चिखलात उभ्या राहिल्या.

तुलना अशी की
एकांना पाण्यापासून नेले
आणि एकांपासून पाणी नेले.'

खाली एक ओळ खोडलेली. दोनदा, आडवी.
मी पान खिडकीशी धरतो.
उजेडातून हळूहळू दिसतं:
'तिसरा प्रकार पाणी घरात येण्याचा.'
आणि त्याखाली, न खोडलेलं:
'पण तो प्रश्नात नाही.'

मी हजेरीपट आठवत बसतो.
मागच्या बाकावर चौघं. त्यांच्या पत्त्याची सुरुवात
गावाच्या नावानं होत नाही,
वसाहत क्रमांकानं होते.
त्यातल्या एकीला मी पहिल्या वर्षी विचारलं होतं,
गाव कोणतं गं तुझं?
ती म्हणाली, कुठलं सांगू सर, बुडालं ते?
मला घाई होती. मी पुढचं नाव पुकारलं.

नियम असा, की खोडलेला मजकूर तपासायचा नाही.
शिवाय आकडेवारी नाही, व्याख्या नाही, समारोप नाही.
गिरासे सर गठ्ठा फेरतपासतील हिरव्या पेनानं,
विचारतील, ह्या पोराला कशाचे दिले हो इतके?
त्यांना सांगायला माझ्याकडे रकाना नाही.

नऊ लिहितो. नऊचं शेपूट लांबतं.
मग समासात, गुणांच्या चौकोनाबाहेर,
बारीक अक्षरात लिहितो: मस्कोगी.
फळ्यावर राहिलेलं.

तिला हे दिसणार नाही.
तपासलेले पेपर परत देत नाहीत.
सहा महिने खोलीत कुलूपबंद,
मग रद्दीच्या टेम्पोतून स्टँडवर,
आणि तिथं कुणीतरी त्यात
गरम शेंगदाणे बांधून देतो.

भाकर खरंच थंड झाली आहे.
आई ताटावर ताट झाकून बसलीय.
विचारते, कितला ऱ्हायनात?
मी म्हणतो, एकच.
आणि तो पेपर गठ्ठ्यात घालत नाही अजून.