पंचवीस पट

व्हर्लिन आस्कलंडनं शेहेचाळिसाव्या वर्षी
बर्फ उपसायच्या गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली
आणि "येतो" म्हणून निघून गेला,
तेव्हा डुलूथच्या डेपोत आम्ही सगळ्यांनी मिळून
त्याचा एक काका मारला.

काका नॉर्थ डकोटातला, तेलवाला, निपुत्रिक.
कुणी म्हणालं, लॉटरी.
टोइवो म्हणाला, पोटाला चिमटे काढतो तो,
डब्यात नुसता उकडलेला बटाटा असतो.
बटाटा असायचा, खरं आहे.
सोबत स्वतः गळ टाकून धरलेला, धुरी दिलेला ट्राउटही असायचा.
ते टोइवो सांगत नसे,
कारण त्यातला अर्धा त्याच्याच पोटात गेलेला असे.

सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.
माझा पगार व्हर्लिनपेक्षा तासाला दीड डॉलर जास्त.
हे मी मनात म्हणत राहायचे,
गर्दीत कुणी खिसा चाचपावा तसं.

बचत म्हणजे
कॉफीच्या कपावरून स्वतःशी भांडण, असं वाटायचं मला.
वर्षभर भांडले. डेपोतली पाणचट कॉफी ढोसली,
आणि त्याच एप्रिलात
चौतीस हजारांची बोट घेतली, कर्ज काढून.
आमच्याकडे बोटीचा मोसम चार महिने.
हप्ते बारा.

शेअर बाजार म्हणजे हायवेवरचा कॅसिनो,
फक्त टाय बांधलेला.
म्हणून माझी पुंजी बँकेत, सुखरूप,
आणि महागाई ती कुरतडत होती
इतक्या हळू, की उंदराचीसुद्धा खुडबुड नाही.

जानेवारीत गेले त्याच्याकडे, गोठलेल्या तळ्यावर.
पत्र्याची खोपटी, बर्फाला पाडलेलं भोक,
दोन उलट्या बादल्या बसायला.
"काका कधी वारला?" मी विचारलं.
तो इतका हसला की गळ हलला.

मग आमिषाच्या पावतीमागे पेन्सिलीनं लिहून दिलं:
वर्षाचा खर्च, गुणिले पंचवीस.
"पगार नाही, डॅग्नी. खर्च.
तो उतरला की साठतं जास्त
आणि लागतंही कमी."

एवढंच? मला जरा रागच आला.
"म्हणजे पंचवीस पट झालं, की सुटलो?"

त्यानं दोरी थोडी ओढली, पुन्हा सोडली.
"मीही ते वेदवाक्य समजत होतो.
तो हिशेब तीस वर्षांचा. मला कदाचित पन्नास काढायचीत.
आजारपणाचा विमा मी निम्माच धरला होता.
आणि बर्फ पडायला लागला की
अजून तीन वाजून दहा मिनिटांनी जाग येते.
स्वयंपाकघरात बसतो अंधारात,
तुमच्यातली कुणाची गाडी वळते ते ऐकत.
याला किती पट लागतं, कुठे लिहिलेलं नाही."

मार्चात बाजार पाचव्या हिश्शानं कोसळला.
त्याच आठवड्यात वादळ आलं,
आणि व्हर्लिन आला, रात्रपाळीला, रोजावर.
बुडाला! डेपोत अगदी सण साजरा झाला.
टोइवोनं डोनट आणले.

तो काही बोलला नाही. गाडी काढली, रस्ते मोकळे केले.
चौथ्या पहाटे साहेब म्हणाला,
लागोपाठ दुसरी पाळी कर.
व्हर्लिननं मिटन काढलं, किल्ली खिळ्याला लावली.
"नको," म्हणाला. "झोप येतेय."

आवाज चढला नाही. कारण दिलं नाही, आजारी आई आणली नाही मध्ये.
एकोणीस वर्षांत त्या खोलीत
तो शब्द इतका साधा मी ऐकला नव्हता.
साहेबानं माझ्याकडे पाहिलं.
मी हो म्हणाले.

दुपारी घरी आले तर अंगणात
ताडपत्रीखाली बोट, वर हातभर बर्फ.
पावती अजून कोटाच्या खिशात होती.
पेन्सिल शोधण्याआधी फावडं घेतलं.
सगळ्या काउंटीत हा एकच बर्फ
मी फुकट उपसते.