निर्धाव

धाव निघाली नाही, की ठिपका.
षटकात असे सहाच्या सहा पडले, की ते जोडायचे:
खालून वर, मध्ये उतार, पुन्हा वर, पुन्हा खाली.
इंग्रजी एम म्हणतात त्याला.
मला तो डोंगर दिसतो,
राजगड आणि तोरणा शेजारी शेजारी.

एकतीस वर्षं नेहरू स्टेडियमवर,
मागे स्वारगेटच्या गाड्यांचे हॉर्न, लांब पर्वती,
आणि मी दारूगोळा कारखान्यातून रजा टाकून
वहीत डोंगर काढत बसलेलो.
काही घडलं नाही, याचीही नोंद ठेवणारा
बिनपगारी कारकून.

एका मार्चमध्ये ढमढेऱ्यानं
एकशे तीन चेंडूंत अकरा धावा केल्या.
तांबोळी त्याला जेवणाआधीपासून टाकत होता,
तोच टप्पा, तीच उंची,
गळक्या नळाखाली बादली ठेवावी तसा धीर.
दुसऱ्या दिवसाची दुपार. खेळपट्टीला भेग पडलेली.
रोलरवाला शिळीमकर सीमारेषेवर उकिडवा बसून म्हणाला,
"आता बोलायला लागली."
चहानंतर एक चेंडू नेमका त्या भेगेत पडला
आणि ढमढेरे वळून बघतो तर बेल्स जमिनीवर.
तांबोळीनं हात वर केले नाहीत.
नुसती विजार झटकली.
तीन तास दोघं एकाच वाक्यावर अडले होते,
त्याला पूर्णविराम मिळाला, एवढंच.

प्रेक्षक किती? मोजले होते मी.
चौदा, आणि एक कुल्फीवाला,
जो विकायचं विसरून उभा होता.

यंदा दोन दिवसांची स्पर्धा एका दिवसावर आली.
"पुढच्या वर्षी वीस षटकं," सेक्रेटरी म्हणाले,
माझ्या वहीकडे न बघता, अगदी सभ्यपणे.
शिळीमकरचा मुलगा आता भेग पडूच देत नाही.
बरोबर आहे त्याचं.
तीन तासांत ती माती बोलून बोलून काय बोलणार?

पुतणी वाकडला खेळते, टर्फवर.
चौदाशे रुपये तास, वर जाळी, चहूकडे जाळी,
पायाखाली हिरवं प्लास्टिक, सहा षटकांचा डाव.
रात्री साडेदहाला मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाली,
"काका, स्कोअर तुम्हीच टाका."
ठिपक्यालाही बटण आहे त्यात.
दाबलं, की शून्य उमटतं.
शून्य आणि ठिपका एक नव्हेत, पण ते असो.

चौथं षटक ऋजुतानं टाकलं.
समोर एक धिप्पाड गडी, आधीच तीनदा जाळी हलवलेला.
पहिला हुकला. दुसरा त्याच्या पॅडवर.
तिसऱ्याला तो हसला.
चौथ्याला खुर्च्यांवरल्या पोरांनी फोन खाली ठेवले.
पाचव्याला कुणीतरी ओरडलं, "डॉट!"
सहाव्याला त्यानं बॅट अशी फिरवली
की स्वतःच गुडघ्यावर आला,
आणि चेंडू मागच्या पोराच्या हातात, गुपचूप.

"मेडन! मेडन!"
शेजारच्या टर्फवरचा फुटबॉलसुद्धा थांबला.
एकतीस वर्षांत निर्धाव षटकासाठी
कुणी असं ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं.
तिथं डोंगरांची रांग होती,
रांगेकडे कोण बघतं?
इथं एकच, आणि सगळे माना वर करून.
मला आनंद झाला, की चोरी पकडल्यासारखं वाटलं,
अजून ठरत नाही.

मोबाईल घाईनं विचारत होता: पुढचा गोलंदाज?
मी खिशातलं बॉलपेन काढलं.
तळहातावर सहा ठिपके दिले, जोडले.
ऋजुता पाणी पीत वाकली. "हे काय?"
"राजगड-तोरणा."
"मग न्या की एकदा."
"दोन दिवस लागतात," मी म्हटलं.

तिनं घड्याळ बघितलं.
आमच्या तासातली नऊ मिनिटं उरली होती,
आणि फाटकापाशी पुढची मुलं
बुटांच्या नाड्या बांधत होती.