तिसरा ट्रॉम्बोन

बफेलोत, मंगळवारी तीन वाजता
मी श्रीमती व्रोबेल यांचं उजवं मनगट हातात घेते.
दहा वेळा वर, दहा वेळा खाली.
बाहेर सरोवरावरून आलेला बर्फ
पत्रपेटीच्या गळ्यापर्यंत.
आठव्या वेळेला त्या म्हणतात, पुरे गं.
ऊठ, ती तबकडी लाव.

कव्हरवर गायक, टायची गाठ सैल,
लग्नातून मधेच सटकलेल्या करवल्यासारखा.

मी मिरजेची. आमच्या परसात
तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडलेले असायचे.
काका जवारीवर दोरा केसभर सरकवत
आणि मुकी तार बोलायला लागे.
तेवढंच मला सुरातलं कळतं.
हे पितळी प्रकरण पहिले दोन महिने
मला वरातीतला बँडच वाटलं,
सूट घालून खुर्च्यांवर बसवलेला.

मग एकदा, मनगट मोजता मोजता
माझा आकडा चुकला.
गायक समेवर येतच नव्हता.
सम दारात ताटकळलेली,
आणि हा अंगणात अजून बुटाची नाडी सोडतोय.
आता गेली, असं वाटावं,
तेवढ्यात आत. पानावर बसलेलासुद्धा.

आणि त्याच्या खाली ते पाच सॅक्सोफोन!
विहिरीत पहिल्यांदा उतरवताना
पाठीला सुका भोपळा बांधतात ना, तसे.
दुसऱ्या कडव्यात ते हळूच सुटतात.
त्याला पत्ताच नाही. तो पोहतोय.
मग आठ पितळी तोंडं काठावरून
एकदम ओरडतात,
इतकी एकदम, की खिडकीतलं
त्यांच्या नवऱ्याचं चिनी मातीचं कुत्रं थरथरतं.

‘हे सगळं कोणी रचलं?’ मी विचारलं.
त्यांनी कव्हर उलटं केलं.
मुंगीएवढ्या अक्षरात एक नाव.
त्याच्याखाली फोटो काढणाऱ्याचं, जरा मोठ्या.
‘आणि तुम्ही?’
त्यांनी कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं,
कागद संपतो तिथे.

त्या नकला उतरवत. एका मोठ्या कागदावरून
सतरा वादकांचे सतरा कागद, एका रात्रीत,
हॉटेलच्या इस्त्रीच्या टेबलावर, टाकाने.
ट्रम्पेटचा सूर एका पट्टीत, आल्टोचा दुसऱ्या,
सगळं मनात उलथंपालथं करून.
‘प्रत्येकाला फक्त त्याचाच वाटा दिसतो,’ त्या म्हणाल्या,
‘अर्धा वेळ तर नुसतं गप्प बसून मात्रा मोजायच्या.
अख्खं गाणं माहीत असतं रचणाऱ्याला.
आणि पहाटे चार वाजता, मला.’

दुसरी बाजू, तिसरं गाणं.
‘ऐक आता. शेवटच्या आधीची ओळ.
तिसरा ट्रॉम्बोन.’
तिथे कोमल हवा होता.
खूण करायची राहिली, डुलकी लागली होती.
वादकाने कागदावर होता तो शुद्ध वाजवला,
प्रामाणिकपणे, छाती भरून.
गायक त्या सुरावर क्षणभर अडखळतो.
अडखळतो म्हणजे, हसतो. श्वासात ऐकू येतं.
काचेमागे कोणीतरी हात वर केला होता, थांबवायला.
रचणाऱ्याने तो खाली धरला.
राहू दे.

सारं जग त्या जागेला दाद देतं म्हणे.
मला जग ठाऊक नाही,
मी ती जागा अकरा मंगळवार ऐकली आहे.
दर वेळी आधीच्या ओळीपासून
मी श्वास धरून बसते, दर वेळी
तो सूर चुकीच्या दारातून येतो
आणि घर त्याचंच असतं.

आज बर्फ जास्त होता, गाडी अडकली, उशीर झाला.
आठ झाले, आणि पुरे म्हणाल्या.
तबकडी लावली. मी मनगट सोडलं नव्हतं.
ती ओळ आली.
माझ्या तळव्यात त्यांची तर्जनी आणि अंगठा
आपोआप जुळले, काहीतरी धरल्यासारखे,
आणि मनगट एकदाच वर गेलं,
माझ्या जोराशिवाय,
एक छोटी खूण करून खाली आलं.

फॉर्मवर मी लिहिलं: उजवा हात, नऊ.